भाताच्या डोळ्यांआड

कान्हूच्या मुठीत काही तरी चमकलं आणि विझलं. फुला बांधावर उभी होती, डोक्यावर पेजेचं मडकं, मडक्यावर झाकण म्हणून पळसाचं पान. नवरा शेताच्या मधोमध, कमरेएवढ्या भातात, पाठमोरा. विळा त्याच्या कमरेच्या आकडीला नुसता लटकत होता, तरी भाताच्या लोंब्या एकेक करून त्याच्या मुठीकडे वाकत होत्या आणि वाकलेली लोंबी पुन्हा वर येत नव्हती. ओठांतल्या ओठांत तो काही पुटपुटतही होता. कापणी उद्याची. आज उभ्या पिकाला कुणी हात लावायचा नाही, हे बाजारकुणंग गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, मग यालाच नसावं? फुलानं हाक मारली. कान्हू दचकला, चोरी करताना सापडल्यासारखा, आणि त्याची मूठ मिटली. "काय हाय वो हातात?" तिनं विचारलं. "कुठं काय? काय न्हाई," तो म्हणाला, आणि बांधाशी येऊन मडकं उतरवून घ्यायला त्यानं डावा हात पुढं केला. डावा हात! ज्या माणसानं जन्मात अन्नाच्या भांड्याला डावा हात लावला नव्हता, त्यानं. फुलाच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती वर्षभर चुकचुकतच होती, पण आज अगदी कानाशी येऊन चुकचुकली.  बांधावर बसून फुला पेज वाढू लागली.

गेल्या साली याच सुमाराला कान्हू परत आला होता. गेला तेव्हा लग्नाची हळदही नीट उतरली नव्हती. लढाईच्या आधीची गोष्ट. सागवानाचे ओंडके घेऊन गाड्यांबरोबर कॅसलरॉकला गेला, तिथून आगगाडीनं मुरगावला, आणि मुरगावहून आगबोटीवर कोळसा ओढायला. एवढं कळलं ते त्याच्याबरोबर गेलेल्या गाडीवानाकडून. पुढचं कुणालाच कळलं नाही. लढाई लागली, लढाई संपली, मानमोडीच्या तापाच्या साथीत घरंच्या घरं बसली, फुलाचा थोरला दीर गेला, पाठोपाठ सासू गेली, आणि कान्हूचा पत्ता नाही. माहेरचे पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, बोलणी घेऊन आले. "किती वाट बघशील गे? बोट बुडाली असंल त्याची," भाऊ म्हणायचा आणि फुला कानांवर हात ठेवायची. का, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. वाट बघणं हे तिचं एक कामच होऊन बसलं होतं, शेण काढावं, पाणी भरावं, तसलं. रोज करायचं आणि त्याविषयी बोलायचं नाही. मग एक दिवस अंगणात एक रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस येऊन उभा राहिला, काखोटीला बोचकं, आणि म्हणाला, "फुले, मी." तिला आनंद झाला. इतका झाला की ती आत जाऊन चुलीपुढं बसून पोटभर रडली. पण रडता रडताच तिच्या डोळ्यांनी टिपलं होतं की त्या बोचक्याचं फडकं बाईच्या नेसण्यातलं आहे. तपकिरी, पानाफुलांच्या नक्षीचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. रडणं थांबलं तेव्हा आनंद थोडा कमी झाला होता, आणि फडकं तसंच डोळ्यांपुढं होतं.

पाण्यापार जाऊन आलेला माणूस. गावानं त्याला टाकलं नाही आणि घेतलंही नाही. लखूकाका गावचा बुधवंत, म्हणजे पंचांतला थोरला. बोलायला गोड आणि वागायला लोखंड. त्यानं कान्हूला देवळात नारळावर हात ठेवायला लावून विचारलं, तिकडं घर केलं होतंस का, बाई ठेवली होतीस का. कान्हू म्हणाला, न्हाई. मग निवाडा असा झाला की एक पीक त्यानं वेगळं काढावं: पंगतीबाहेर बसावं, वेगळ्या पानावर जेवावं, सार्वजनिक विहिरीवर आपण होऊन पाणी शेंदू नये. पुढच्या कापणीला खळ्यावर सगळ्यांदेखत त्याच्या बायकोला विचारायचं. तिच्या मनात किंतु नसला तर तिनं त्याच्या पानावर भाताची पहिली मूठ वाढायची, की तो पंगतीत बसला. मग त्या गोष्टीचा गावात पुन्हा उच्चार नाही. बायकोलाच का? तर देवापुढं माणूस एखादे वेळी खोटं बोलून जातो, एका चुलीवर वर्षभर जेवताना बायकोपुढं ते निभत नाही, असं इथल्या जुन्या माणसांचं म्हणणं. माणसं मोठी हुशार! निवाड्याचं ओझं अलगद फुलाच्या डोक्यावर ठेवून सगळे मोकळे झाले. ती किंतु आहे म्हणाली तर कान्हूला गावात शेत नाही, पाणी नाही, बोलायला माणूस नाही. तो पुन्हा कॅसलरॉकची वाट धरणार, आणि या खेपेला परत यायचा नाही. ती कापणी आता उद्यावर आली होती.

तेव्हा वर्षभर फुलानं डोळ्यांत तेल घालून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणून पाहायचं राहूनच गेलं. तो जावा नावाच्या बेटावर होता, बांडुंग गावाच्या वरच्या डोंगरांत, चहाच्या मळ्यात. तिथल्या माणसांना सुंदा म्हणतात, ती मशिदीत जातात. एवढं त्यानं पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं, आणि मग तोंडाला कुलूप. पण अंगाला कुलूप थोडंच लागतं? जेवायला बसला की उठून परसात जायचा, भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे, कसली कसली पानं खुडून आणायचा आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर कच्चीच कचाकचा खायचा, गुरासारखी. तिची भाजी तशीच राहायची. आणि ती भाताची खोली! घरातली कणगी असते त्या अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी तो येऊन थांबायचा. गेल्या साली भाताची पोती पाठीवर घेऊन आला तो उंबऱ्याबाहेरच ओणवा राहिला, "तू ने आत," म्हणाला. पुरुषानं पोतं बाहेर टाकायचं आणि बाईनं ते ओढत आत न्यायचं, असलं नाटक या गावानं पाहिलं नव्हतं. पारूआक्का, फुलाची थोरली जाऊ, बघत होती. नवरा मानमोडीत गेल्यापासून पारूआक्काला दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडे बघायला सवड भरपूर होती. "सासू गेली त्या खोलीत," ती म्हणाली, "आईला तोंड दावायला भितोय बघ. पोटात पाप असल्याबिगर कुणी आपल्याच घरच्या अंधाराला भित न्हाई." फुलाला राग आला आणि ते शब्द मात्र पोटात जाऊन बसले. कान्हूला विचारलं तर तो म्हणाला, "तिकडं पुरुष जात न्हाईत भाताच्या खोलीत. बायकांची जागा ती." तिकडं, तिकडं. घरात कणगी इकडची, भात इकडचं, बायको इकडची. आणि रीत तिकडची.

दोघी जावा उखळाशी भात सडायला बसल्या की कान्हू कुठूनही येऊन ओसरीच्या खांबाला टेकायचा. आळीपाळीनं मुसळं पडत. तो डोळे मिटायचा आणि ऐकायचा. एकदा त्यानं आपण होऊन सांगितलं की तिकडं होडीसारखं लांब लाकडी उखळ असतं, रांगेनं बायका उभ्या राहतात आणि मुसळांचा ठेका धरतात, पार डोंगरापलीकडं ऐकू जातो. भात कापायचं, सडायचं, ठेवायचं, सगळं बायकांचं, पुरुष फक्त कावडीवर वाहून आणतो. सांगताना त्याचा चेहरा असा झाला की फुलाचा हात थबकला. रांगेत कितवी उभी असेल ती? तरणी की पोक्त? गोरी की सावळी? रांगेतल्या एकाच बाईकडे बघितल्याशिवाय माणसाचा चेहरा तसा होत नाही, असं फुलाला वाटलं, आणि तिनं मुसळ इतक्या जोरात आपटलं की तांदळाची कणी झाली. सुतावरून स्वर्ग गाठायची तिला सवय नव्हती, पण या वर्षात लागली. पावसाळ्यात त्यानं बांबूचे खुळखुळे केले. खुळखुळे आपले गावानं म्हणायचं. चौकटीत दोन पोकळ नळ्या, हलवल्या की एकच सूर, गोड, पाण्याखालून आल्यासारखा. एका चौकटीला एकच सूर. प्रत्येकाची एक चौकट, सगळे मिळून गाणं. भात पेरताना, भात घरी आणताना वाजवतात म्हणे. त्यानं पुष्कळ केले, आढ्याला टांगले, पण पंगतीबाहेरच्या माणसाच्या वस्तूला हात लावणार कोण? मग तो एकटाच एक चौकट हलवायचा, थांबायचा, पुन्हा हलवायचा. मधली जागा तो दुसऱ्यांच्या सुरांसाठी रिकामी सोडायचा. फुला चुलीपाशी बसून त्या रिकाम्या जागा ऐकायची. कुणी तरी उत्तर देईल म्हणून थांबलेल्या माणसासारखा तो थांबतो, असं तिला वाटायचं. ते उत्तर आपल्याकडून नको आहे, असंही वाटायचं, आणि तेव्हा मात्र तिला फार एकटं वाटायचं.

एवढं सगळं एका बाजूला आणि परवाची फणी एका बाजूला. पारूआक्काच ती बातमी घेऊन आली, लाकडाची मोळी अंगणात टाकायच्याही आधी. "फुला, तुमच्या शेतातल्या माळ्यावर बाईमाणूस येतंय काय गे? फणी हाय थितं. आन् आरसा." रानडुकरांपासून पीक राखायला शेतात उभारलेला माळा तो, कान्हू तिथं झोपायला जायचा. फुला गेली. उन्हं डोक्यावर होती, कान्हू बांबू आणायला रानात गेला होता. माळ्याच्या खालच्या अंगाला, उभ्या भाताचे दोन झुबके पांढऱ्या चिंधीनं एकत्र बांधलेले, आणि त्यांच्या पायाशी शिंगाची फणी, वाटोळा आरसा, पानाच्या द्रोणात खोबरेल, वर झेंडूची फुलं. फुलानं फणी उचलून उन्हात धरली आणि दातांच्या फटी बारकाईनं तपासल्या. एकही केस नाही. केस सापडला असता तर तिला वाईट वाटलं असतं. न सापडल्यानं ती आणखीच बिथरली. एवढी स्वच्छ फणी! म्हणजे विंचरून झाल्यावर कुणी तरी केस वेचून टाकतं. कोण? वासू गवळ्याची विधवा सून? अणशीकडून मध विकायला येते ती? आरशात तिनं स्वतःला पाहिलं. कपाळावर घाम, डोळ्यांखाली काळं, ओठ घट्ट मिटलेले. हा चेहरा घेऊन आपण वर्षभर नवऱ्यासमोर वावरतोय. तिनं आरसा पालथा ठेवला, मग भानावर येऊन पुन्हा होता तसा उताणा केला, आणि वाटेला लागली. दोन दिवस कान्हूला काही विचारलं नाही. विचारून उत्तर मिळालं असतं आणि उत्तर मिळालं की निवाडा आला.

आणि आज ही मूठ. कान्हू बांधावर उकिडवा बसून डाव्या हातानं पेज पीत होता, उजवी मूठ मांडीआड. फुलाचा धीर सुटला. ती तडक उठली आणि त्याचं मनगट धरलं. "उद्या खळ्यावर लखूकाका मला इचारणार हाय," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "काय सांगू मी? फणी कुणाची ती? कोण येती माळ्यावर?" कान्हू तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग, कितीतरी दिवसांनी, मोकळा हसला. "अगं खुळे! ती व्हय? ती भाताची."

"भाताची?"

"तिकडं भात म्हंजे बाई हाय, फुले. तरणी देवी. न्यी पोहाची म्हंतात तिला. ती मेली, तिला पुरली, आन् तिच्या अंगातनं सगळं उगवलं. मांडीतनं बांबू, डोळ्यांतनं भात. म्हणून भाताला दिसतं. कापायच्या आदी तिला नटवायची, फणी, आरसा, तेल ठेवायचं. पैल्या लोंब्या आदल्या दिवशीच काढायच्या, नवरा-नवरी म्हणून बांधायच्या आन् भाताच्या खोलीत ठेवायच्या. दुसऱ्या साली ती परत यावी म्हणून."

"आन् ते लोक मशिदीत जात्यात म्हनला हुतासा."

"जात्यात की, दर शुक्रवारी. पर आई शेतात हाय न्हवं? तिला कशी सोडतील?"

"आन् मुठीत काय?"

कान्हूनं मूठ उघडली. "सुरी. विळा बघितला की ती भिती, पळून जाती. म्हणून एवढीशी सुरी मुठीत लपवायची, एकेक लोंबी हळूच घ्यायची. तिच्या डोळ्यांआड."

फुला मटकन बांधावर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. भात! आपण भाताचा मत्सर केला, भाताच्या फणीत केस शोधले! वासू गवळ्याच्या सुनेला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, बिचारीला. तिला एकदम भूक लागली, शेत हिरवट-पिवळं आणि फार सुंदर दिसलं, नवरा कालच लग्न झाल्यासारखा नवा दिसला. खोलीचा उंबरा, कच्ची पानं, खुळखुळे, सगळंच आता सरळ झालं. असतात बाबा एकेकांच्या रीती. माणूस जिथं राहतो तिथली माती त्याच्या पायाला लागायचीच. "बघू," ती लाडानं म्हणाली आणि तिनं ती सुरी त्याच्या हातातून घेतली.

तळहाताएवढी लाकडाची चपटी फळी, तिच्या काठात बोटभर पातं, आणि पाठीशी आडवी बांबूची कांडी. मूठ मिटली की पातं दोन बोटांच्या फटीतून नखाएवढं बाहेर डोकावणार. ओंडके उचलून जाड झालेल्या कान्हूच्या बोटांत ती कशीबशी अडकलेली होती. फुलानं ती हातात धरली मात्र, आणि तिची बोटं आपोआप जागेवर गेली. लाकडाला खळगे होते. एक अंगठ्याचा, एक मधल्या बोटाचा, एक करंगळीचा उथळ. कोरलेले नव्हेत, झिजून झालेले. मुसळ जिथं धरावं तिथं ते कसं झिजतं हे फुलाला कुणी शिकवायला नको होतं. आपलं मुसळ कुठलं आणि पारूआक्काचं कुठलं, हे ती डोळे मिटून ओळखायची. एका हाताला असा खळगा पाडायला कितीतरी कापण्या जाव्या लागतात. आणि हा हात कान्हूचा नव्हता. तिच्याएवढाच होता, बोटं तिच्याएवढीच लांब, करंगळी तिच्यासारखीच जरा सुटी. कुणा परक्या बाईनं आपला हात हातात घ्यावा तसं तिला झालं. ती हसत होती ते हसू तोंडावर तसंच राहिलं. काढून कुठं ठेवावं ते तिला सुचेना.

"कुठं घेतलासा ही?" तिनं विचारलं.

"बाजारात. बांडुंगच्या."

"नवी?"

कान्हूनं पेजेचं मडकं उचललं, त्यात काही उरलं नव्हतं तरी तोंडाला लावलं. "नवीच की," तो मडक्यातून म्हणाला.

तिनं पुढं विचारलं नाही. "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," एवढंच म्हणाली. त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेतात गाव लोटलं. कुणाच्या शेतात कापणी असली की सगळ्यांनी जायचं, ही इथली रीत. विळ्यांची खसखस, ओल्या काडाचा वास, बायकांच्या चेष्टा. पारूआक्का आज फुलाला सोडून हलत नव्हती, काही तरी घडणार याचा वास तिला लागला होता. कान्हू एका कडेला एकटाच कापत होता, विळ्यानं, इकडच्यासारखं, आणि पुन्हा पुन्हा मान वर करून फुलाकडे बघत होता. सुरी फुलाच्या ओटीत खोचलेली होती. वाकलं की पोटाला टोचायची. काल घरी आल्यापासून ती एकच गोष्ट उलटीपालटी करत होती. जुनीही घेतली असेल. एखाद्या म्हातारीनं विकली असेल. मळ्यात सोबत काम करणाऱ्या बाईनं आठवण म्हणून दिली असेल; माणसं देतात. मग नवी कशाला म्हणाला? नवी आहे म्हणाला नसता तर तिनं सगळं मानलं असतं. आणि समजा असेल ती. असेल बाई. मेली असेल मानमोडीत, ती साथ म्हणे सगळ्या मुलुखांत गेली होती. की टाकून आला? की ती अजून त्या लांब उखळाशी उभी आहे, बोचक्याला फडकं देऊन तोकड्या झालेल्या नेसण्यात, विळ्याला भिणाऱ्या भातासमोर, रिकाम्या हातानं? आपण वर्षानुवर्षं वाट बघितली तशी तीही बघत बसली असेल तर? या विचारापाशी फुला आली की तिला त्या बाईचा राग करायला जमेना, आणि कान्हूचाच राग दुप्पट यायचा. वाट बघायला लावण्यात हा माणूस किती तरबेज आहे! आणि तरीही त्याची मान वर झाली की हिचं काळीज हलत होतं, हे तिला नाकारता येत नव्हतं. लाज वाटण्याइतकी ती त्याच्यावर जीव टाकून होती.

दुपारी खळ्यावर पंगत बसली. केळीची पानं मांडली, लखूकाका मधे बसला, पुरुष दोन्ही अंगांना. कान्हू उभा होता, त्याच्यापुढं एक रिकामं पान. बायका भाताच्या टोपल्या घेऊन मागं थांबल्या.  लखूकाकानं पागोटं सारखं केलं. "फुला," तो म्हणाला, "ये बाळ म्होरं. वरीस झालं. एका छपराखाली ऱ्हायलीस, एका चुलीवर जेवलीस. कान्हूनं देवाम्होरं सांगितलं तेच्यात तुझ्या मनाला काय किंतु हाय काय? आसला तर भिऊ नको, गाव तुझ्या पाठीशी हाय. नसला तर पैली मूठ तू वाढ." फुलाच्या उजव्या हातात टोपली होती. डावा हात पदराआड होता आणि त्यात सुरी होती. ती ओटीतून हातात कधी आली ते तिला आठवत नव्हतं. हात डावा, तरी बोटं खळग्यांत बसली होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. एकटा कान्हू तिच्या पदराकडे बघत होता. त्याला कळलं होतं की तिथं काय आहे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि फुलाला वाटलं, आताच बोलावं यानं. आताच म्हणावं, थांब फुले, मी सांगतो. तो म्हणाला असता तर ती त्याच्याबरोबर कॅसलरॉकला गेली असती, पायी, अंगावरच्या लुगड्यानिशी. तो काही म्हणाला नाही. तिनं मूठ घट्ट आवळली. पातं बोटांच्या फटीत शिरलं तेव्हा दुखलं नाही, गरम लागलं.

"किंतु न्हाई," फुला म्हणाली आणि उजव्या हातानं तिनं भाताची मूठ त्याच्या पानावर वाढली.

पंगत एकदम सैल झाली, कुणी तरी हसलं, कुणी कान्हूच्या पाठीवर थाप मारली. आणि कान्हूचा जीव भांड्यात पडला. तो फुलानं पडताना पाहिला. इतका वेळ वर ओढलेले खांदे खाली आले, तोंडातून एक लांब श्वास बाहेर पडला, आणि तो पानावर बसला. ज्याच्यापाशी लपवायला काही नाही तो माणूस अशा वेळी आनंदानं बायकोकडे बघतो, निदान थोडा रागावतो तरी, की एवढं विचारायचं कशाला म्हणून. कान्हू सुटलेल्या माणसासारखा जेवायला लागला, मोठमोठे घास घेऊन, मान खाली घालून. काल रात्रीपासून फुलानं मनाच्या तळाशी एवढीशी आशा जपून ठेवली होती, की सुरी बाजारातली असेल. ती आशा त्या श्वासाबरोबर गेली. फुला पुढच्या पानावर वाढायला वळली. "डाव्या हाताला काय झालं गे?" पारूआक्कानं हळूच विचारलं. "काड लागलं," फुला म्हणाली.

उन्हं कलल्यावर ती ओहळावर राखेनं भांडी घासत होती. कान्हू आला, तिच्यापासून जरा दूर दगडावर बसला. आता तो सार्वजनिक विहिरीवरही जाऊ शकत होता, पण इथं आला. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "फुले, आता सांगतो. कालच सांगायचं हुतं. तिचं नाव—"

"नगा सांगू."

"आईक तरी. छातीवर दगड घिऊन हिंडतोय मी वरीसभर."

"तुमच्या छातीवरला उचलला न्हवं मी, सगळ्यांदेखत? आता त्यो माझा." तिनं टोप पालथा घातला आणि बूड घासायला घेतलं. जखमेत राख शिरली, झोंबली. "लखूकाकाम्होरं मी सांगितलंय, किंतु न्हाई म्हणून. तुमी तोंड उघडलासा तर मी खोटी पडंन. न्हाई उघडलासा तर मला ठाव न्हाई, एवढं तरी म्हणता यील देवाला."

"पर तुझ्या मनात..."

"माझ्या मनातलं इचारायचा दीस काल हुता. काल तुमी मडक्यात तोंड घालून बसलासा."

 कान्हूच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही तिनं पाहिलं, आणि ते कुणासाठी आहे हे विचारायचं नाही, असं आता जन्मभरासाठी ठरून गेलं होतं. खळ्यावरून पोरांनी, बाप्यांनी त्याला हाका मारल्या. आढ्याचे खुळखुळे त्यांनी काढून आणले होते आणि प्रत्येकाला एकेक हवा होता. कान्हू उठला. थोड्या वेळानं बांबूचे सूर येऊ लागले, चुकत, आपटत, मग हळूहळू एकामागोमाग एक. वर्षभर ऐकलेल्या रिकाम्या जागा भरत आल्या. गाणं खरंच गोड होतं. फुलानं भांडी धुतली आणि टोपलीत रचली.

दिवेलागणीला कान्हू त्या नवरा-नवरी बांधलेल्या लोंब्या घेऊन भाताच्या खोलीशी आला आणि नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर थांबला. त्यानं त्या दोन्ही हातांनी तिच्याकडे दिल्या. फुलानं त्या आत नेल्या, कणगीवरच्या खुंटीला अडकवल्या. मग ओटीतून सुरी काढली, पदरानं पुसली आणि कणगी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, हात पोचेल तितकी खोल, सारून ठेवली. या खोलीत तो पाऊल टाकत नव्हता. पुढच्या साली पहिल्या लोंब्या ती स्वतः कापणार होती, त्याच्या पुढच्या सालीही. लाकूड आणखी झिजेल, आणि मग ते आधी कुणाच्या हातानं झिजलं होतं हे कुणाला, तिलासुद्धा, ओळखता येणार नाही.

"ठेवलंस?" बाहेरून कान्हूनं विचारलं.

"ठेवलं," ती अंधारातून म्हणाली.